जुन्या तबकड्या घरी ऐकायच्या, तर आधी सुईकडे बघा

एल.पी. म्हणजे लाँग प्ले तबकडी. तिच्या एका बाजूवरची खाच उलगडून सरळ ताणली तर ती जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. मिनिटाला ३३⅓ फेरे या वेगाने २२ मिनिटं, म्हणजे ७३० च्या वर फेरे, आणि एक फेरा सरासरी ६५ सेंटीमीटरचा. करा गुणाकार. खाचेची रुंदी साधारण केसाएवढी. तिच्या भिंती सरळ नाहीत, नागमोडी आहेत, आणि ती नागमोड म्हणजेच गाणं. तबकडीत याशिवाय दुसरं काहीही नाही. विजेचा संबंध नंतर येतो.

हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण माळ्यावरच्या तबकड्या खाली उतरल्या की घरात पहिली चर्चा सुरू होते ती ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची. कुणी म्हणतं जुना जपानी ॲम्प शोध, कुणी म्हणतं व्हॉल्व्हचाच, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, घे. माझं मत उलटं आहे. आवाज बनतो किंवा बिघडतो तो सुईच्या टोकाशी. तिथे जे निसटलं ते पुढे कितीही भारी यंत्र लावलं तरी परत मिळत नाही, आणि तिथे जे चुकलं ते पुढच्या यंत्रातून फक्त आणखी मोठ्याने ऐकू येतं. त्यामुळे पैसा असो की लक्ष, सुरुवात त्या टोकापासून करावी.

आता हे टोक काय करतं ते पाहू. चांगल्या सुईचं टोक हिऱ्याचं असतं. एका बारीक नळीच्या पुढच्या टोकाला हिरा आणि मागच्या टोकाला चिमुकलं चुंबक. खाचेची नागमोड हिऱ्याला हलवते, चुंबक डोलतं, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते. हे सगळं ज्या छोट्या डबीत असतं तिला कार्ट्रिज म्हणतात. ही वीज किती? ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेयरमधून साधारण २ व्होल्ट बाहेर पडतात, म्हणजे कार्ट्रिजच्या निदान चारशे पट. इतक्या नाजूक विजेत धूळ, मोटरची थरथर, जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असं सगळं मिसळायला टपलेलंच असतं.

एकाच सुईतून डावा-उजवा असे दोन आवाज कसे निघतात, हा प्रश्न बरेच जण विचारतात. खाचेला दोन भिंती असतात आणि दोन्ही ४५ अंशांत कललेल्या. तबकडीच्या मध्याकडची भिंत डाव्या स्पीकरची, बाहेरची उजव्या स्पीकरची. ॲलन ब्लमलिन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्ये या तत्त्वाचं पेटंट मागितलं. स्टिरिओ एल.पी. बाजारात यायला मात्र १९५८ उजाडावं लागलं.

यातून घरच्या ऐकण्यासाठी एक फुकटातली युक्ती निघते. जुन्या मराठी भावगीतांच्या, नाट्यपदांच्या तबकड्या बहुतेक मोनो, म्हणजे डावा-उजवा असा भेद नसलेल्या. मोनो तबकडीत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. सुई वरखाली हलते ती धुळीमुळे, झिजेमुळे, तबकडी वाकल्यामुळे. त्या हालचालीत गाण्याचा अंशही नसतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’ लिहिलेलं एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही भिंती एकत्र होतात, वरखालीचा कचरा आपसांत कटतो आणि खरखर लक्षात येईल इतकी कमी होते. नव्या ॲम्प्लिफायरमधून हे बटण जवळजवळ गायबच झालं आहे. जुनं यंत्र घ्यायला मला पटणारं हे एक कारण. ‘जुन्या आवाजाची ऊब’ वगैरे कारणं मला फारशी पटत नाहीत.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, शेवटी शेवटी जेमतेम २० ते २२. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फिस्कारतात. शास्त्रीय संगीताची तर यात पंचाईतच होते. विलंबित ख्याल बाहेरच्या ऐसपैस खाचेत बसतो आणि द्रुत, ताना, सतारीचा झाला हे सगळं लेबलाजवळच्या गर्दीत येतं, जिथे तबकडी सर्वांत दुबळी असते. सुई झिजलेली असेल, किंवा कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे ते धरणाऱ्या दांडीच्या टोकाशी, किंचित तिरकं बसलेलं असेल, तर त्याची पहिली खूण इथे ऐकू येते. नवी जोडणी पारखायची असेल तर बाजूची सुरुवात ऐकू नका, शेवटची पाच मिनिटं ऐका.

आता ‘फोनो’ या शब्दाकडे वळू, कारण घरोघरी सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच असतो. खर्जाचे आवाज खाचेत आहेत तसे कोरले तर सुईला फार मोठे हेलकावे घ्यावे लागतील, शेजारच्या फेऱ्याची भिंत फुटेल आणि बाजूवर दहा मिनिटंसुद्धा मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात. उलट तार आवाज मुद्दाम वाढवतात, म्हणजे नंतर ते उतरवताना त्यांच्यासोबत तबकडीची फसफसही उतरते. वाजवताना हे सगळं बरोबर उलटं करावं लागतं. मधल्या सुरांच्या मानाने अगदी खालचे आवाज जवळजवळ दहा पट चढवायचे आणि अगदी वरचे तितकेच उतरवायचे. किती दाबायचं आणि किती चढवायचं याचं माप पूर्वी कंपनीगणिक वेगळं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या तबकडी उत्पादकांच्या संघटनेने एकच माप ठरवलं आणि हळूहळू ते जगाने उचललं. ‘आर.आय.ए.ए.’ हे नाव दिसलं तर ते हेच.

ही उलटापालट करणारा भाग म्हणजे फोनो. १९७०-८० च्या दशकातल्या ॲम्प्लिफायरमध्ये तो बहुधा आतच असतो, मागे ‘फोनो’ लिहिलेली भोकं असतात. नव्यात बऱ्याचदा नसतो. मग छोटी वेगळी डबी घ्यावी लागते. टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, थेट ‘ऑक्स’ लिहिलेल्या साध्या भोकात खुपसलं तर आवाज अगदी बारीक येतो, पातळ येतो आणि तबल्यातला डग्गा पार नाहीसा होतो. अशा वेळी बऱ्याच जणांना वाटतं की तबकडी गेली. तबकडी ठणठणीत असते, फोनो मधे नसतो एवढंच. टर्नटेबलमधून निघणारी एक सुटी बारीक तार ॲम्प्लिफायरच्या मागच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला आवळायची असते, तीही विसरू नका. ‘हम्म्’ असा अखंड आवाज येत असेल तर दहातल्या आठ वेळा ती तारच लोंबत असते.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडच्या घरांत हमखास सापडतो. सुटकेससारखी बंद होणारी, झाकणात स्पीकर असलेली जुनी रेकॉर्ड प्लेयर बहुतेकांनी पाहिलेली असतात. त्यांत चुंबकाचं कार्ट्रिज नसतं, सिरॅमिकचं किंवा क्रिस्टलचं असतं. दाबलं की वीज देणारा खडा, इतकं त्याचं साधं तत्त्व. तो चुंबकाच्या कितीतरी पट जास्त वीज देतो आणि खर्ज-तारेची उलटापालटही बऱ्यापैकी आपल्या आपण होऊन जाते, त्यामुळे त्याला फोनो लागत नाही. चुकून फोनोत लावला तर आवाज फाटून, घुमून कानावर आदळतो. यांतले जुने क्रिस्टल रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचे असत आणि ते हवेतला ओलावा पितात. मुंबईत किंवा कोकणात चाळीस पावसाळे काढलेल्या प्लेयरचा आवाज क्षीण झाला असेल तर बऱ्याचदा दोष मोटरचा नसतो, आतला खडाच विरघळून गेलेला असतो.

या प्लेयरमध्ये सुईचं वजन साधारण ५ ग्रॅमच्या पुढे असतं. चुंबकाच्या चांगल्या कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. हा फरक तबकडीच्या आयुष्याचा असतो. हल्ली बाजारात सुटकेसच्या धाटणीची स्वस्त नवी प्लेयरं मिळतात, दिसायला गोड असतात. पण घरातल्या दुर्मीळ एल.पी.साठी ती घेऊ नयेत असं मी स्पष्टच सांगेन. त्यापेक्षा जुनं साधं बेल्टवालं टर्नटेबल घ्या आणि त्याला नवी सुई लावा. सुईचं वजन मोजायला पाव ग्रॅमही अचूक दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळतो, फार महाग नसतो. वजन कमी ठेवलं की तबकडी कमी झिजते हा समज मात्र चुकीचा आहे. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त ओरबाडते. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला वजन ठेवावं. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. आधीच्या मालकाने ती कधी बदलली होती ते ठाऊक नसेल, तर जुन्या टर्नटेबलची सुई गेलीच आहे असं धरून चाला.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या तबकड्यांचं जग निराळंच. त्या लाखेच्या. लाखेचा किडा आपल्याच जंगलांतला, आणि जगाला लागणारी बरीचशी लाख इथूनच जायची. तबकडीत लाख पाव ते एक तृतीयांशच असते, बाकी दगडाची पूड, काजळी आणि थोडे तंतू. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते, ते तिथल्या कारागिरांना लेबल ओळखता यावं म्हणून. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे दमदमला गेला. मुंबईतही १९३० च्या दशकात ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या निघू लागल्या. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळत, आणि रंगमंचावर अर्धा तास रंगणारं नाट्यपद गवय्याला तेवढ्यात आटोपावं लागे.

चावीच्या ग्रामोफोनमध्ये वीज नाहीच. सुई धरणाऱ्या गोल डबीचं, साउंडबॉक्सचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर, सुई पोलादी, आणि ती प्रत्येक बाजूला नवी लावायची. यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. म्हणजे सुई आपल्या मापाची करून घेण्याचं काम तबकडीच करते. पण बाजू संपेपर्यंत त्याच टोकाला धारदार खांदे फुटलेले असतात. तीच सुई पुढच्या तबकडीवर लावली की ते खांदे पटाशीसारखे भिंती तासतात. काटकसर म्हणून एक सुई आठवडाभर वापरलेल्या घरांतल्या तबकड्या ओळखू येतात: काळ्या चकाकीऐवजी खाचांवर राखी झाक असते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एल.पी. कधीही, गमतीतसुद्धा, लावू नका. एका फेऱ्यात ती कायमची संपते. बाजारातले पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन बहुतेक हल्ली जोडलेले, शोभेचे असतात. दिवाणखान्यात ठेवायला हरकत नाही, तबकडी मात्र त्यावर वाजवू नये.

७८ ऐकायच्या असतील तर तीन वेगांचं टर्नटेबल आणि ७८ ची वेगळी सुई हवी. एल.पी.च्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, ७८ ला ६५ ते ७५ लागते. एल.पी.ची सुई त्या रुंद खाचेत घातली तर ती भिंतींना टेकतच नाही, तळाच्या घाणीत घासत जाते आणि ऐकू येतो फक्त शिमगा. बऱ्याच कार्ट्रिजना ७८ ची सुई वेगळी मिळते, पुढचा भाग ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा. जुन्या प्लेयरमध्ये तर एकाच कार्ट्रिजला दोन सुया आणि उलटायची छोटी कळ असे. हल्लीच्या फोनोतून ७८ वाजवली की आवाज थोडा दबलेला वाटेल, कारण बहुतेक तबकड्या १९५४ च्या मापाआधीच्या आहेत. ट्रेबलचं बटण जरा चढवा. फसफस वाढेल, पण गळा मोकळा होईल.

७८ हा आकडासुद्धा नावापुरताच. १९२५ च्या आधीच्या काळात मुद्रणाचा वेग ७० पासून ८० च्या वरपर्यंत कुठेही असे. ७४ ने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली की सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो. गायलेली काळी एक ऐकू येते पांढरी दोन म्हणून, ताना उगाच चपळ वाटतात आणि पुरुषाचा गळा किरटा होतो. जुन्या गवयांच्या आवाजाबद्दलचे काही समज अशा चुकीच्या वेगातूनच आलेले असावेत अशी मला शंका आहे. वेग बदलायची सोय असलेलं टर्नटेबल असेल तर पेटी जवळ घ्या आणि त्या गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असेल तर तिच्याशी जुळवून बघा. साथीच्या पेटीचा स्वर आजच्या पेटीशी तंतोतंत जुळायला हवाच असं नाही, पण अंदाज येतो.

एल.पी.चा वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती मिळते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा मिचकावतो. त्या उजेडात वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, नाहीतर पुढे किंवा मागे सरकतात. एल.ई.डी. दिव्याखाली हे बहुधा नीट दिसत नाही. चोकवाली जुनी ट्यूबलाइट शोधा.

याच ५० हर्ट्झमुळे अमेरिकेतून सामान आणणाऱ्यांची फसगत होते. न्यू जर्सीच्या गराज सेलमध्ये स्वस्तात मिळालेलं १९६०-७० मधलं टर्नटेबल भाऊ मोठ्या हौसेने पाठवतो. आपण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणतो, लावतो, आणि सगळं गाणं रेंगाळलेलं, पेंगलेलं येतं. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आणि त्या काळच्या बऱ्याच मोटरी विजेच्या ठोक्यावर चालतात. इकडे त्या सहाला पाच या प्रमाणात मंदावतात, ३३ चे सुमारे २८ फेरे होतात. त्यावर उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली ५० हर्ट्झच्या मापाची बसवणं. काही मॉडेलला ती मिळते, काहींसाठी चांगला लेथवाला करून देतो. डी.सी. मोटरच्या किंवा क्वार्ट्झच्या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला मात्र हा त्रास नाही, त्यांना व्होल्टेज बरोबर मिळालं की पुरे. पाठवण्याआधी भावाला एवढं विचारून घ्या.

जुना ॲम्प्लिफायर घरी आला की थेट प्लगात घालू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकलेले असतात. दुरुस्तीवाल्यांकडे सिरीज बोर्ड असतो: वायरिंगमध्ये मधे एक जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब. ॲम्प त्यातून लावायचा. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंदावला तर बरं चाललंय. लखलखीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब नसता तर तेवढ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला असता. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर किरकोळ आहे, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीसदा बटण फिरवणं एवढं बहुधा पुरतं. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात. तिथे हौशी माणसाने बोटसुद्धा घालू नये. टर्नटेबलमध्ये बघायचं ते रबर: बेल्ट ताठरला आहे का, आणि बेल्टऐवजी आयडलर, म्हणजे मोटरचा जोर पोचवणारं रबरी चाक, असेल तर त्या चाकावर एका जागी दाब बसून सपाटी आली आहे का. आली असेल तर त्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ‘धप्, धप्’ असं ऐकू येतं. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा.

स्पीकरबद्दल एवढंच, की टर्नटेबल आणि स्पीकर एका टेबलावर नकोत. स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर येते. भिंतीत रोवलेली कडाप्प्याची फळी असेल तर टर्नटेबलला तिच्यासारखी जागा नाही.

धुणं दोन तऱ्हांचं. व्हिनाइलच्या, म्हणजे एल.पी.च्या प्लॅस्टिकच्या, तबकडीला डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवत, आणि लेबल कोरडं ठेवून. पावसाळ्यात आलेली पांढरी बुरशी याने बहुतेक निघते. हेच ७८ ला चालतं, पण तिला पाण्यात ठेवायचं नाही, आणि स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावायचं नाही. लाख त्यात विरघळते, तुमच्या डोळ्यांदेखत खाच पुसली जाते. कव्हरच्या आतली मऊ प्लॅस्टिकची जुनी पिशवी फेकून द्या, ती तबकडीला चिकटून धुरकट डाग पाडते. ठेवताना तबकड्या उभ्या, पुस्तकांसारख्या.

आणखी घ्यायच्या असतील तर पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे. तबकड्यांचा इतिहास, लेबलं, क्रमांक यांत गोडी वाटू लागली तर मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे जुने अंक शोधा. बाजारात तबकडी हातात घेतलीत की तिरप्या उन्हात धरा. केसासारखे वरवरचे ओरखडे भयानक दिसतात पण फारसे ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र प्रत्येक फेऱ्यात टिकटिक करणार. भोकाभोवती लेबलावर दांडा चाचपडल्याच्या खुणा किती आहेत तेही बघा, त्यावरून ती किती वेळा वाजली ते कळतं. आणि विकणाऱ्याने ‘एकदम नवीकोरी, साहेब’ म्हणत कापडाने वरून खसाखसा पुसायला घेतली, तर आधी त्याचा हात धरा आणि मग भाव विचारा.